बळाची रोजकीर्द

जबलपूरहून नागपूरकडे निघालेला हमरस्ता शहराची वस्ती मागे टाकून दक्षिणेस उतरू लागला, की थोड्याच अंतरावर नर्मदेचे विस्तीर्ण पात्र एकाएकी समोर येते आणि त्या पात्राच्या काठावर, पायऱ्यापायऱ्यांनी पाण्यात उतरत गेलेला तिलवारा घाट दिसतो. संक्रांतीला येथे मोठी यात्रा भरते. अंगाला तीळ लावून स्नान करावे, महादेवाला तीळ वाहावेत आणि मूठभर तीळगूळ पदरी बांधून घरी परतावे, हा येथला पिढीजात प्रघात आहे. १९३९ च्या मार्च महिन्यात काँग्रेसचे त्रिपुरी अधिवेशन याच परिसरात भरले आणि ज्वराने ग्रासलेले अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांना अधिवेशनात निजल्या स्थितीत आणावे लागले. १९४८ साली महात्माजींच्या अस्थींचे विसर्जनही याच घाटावर झाले. १८१७ पर्यंत या मुलखावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता, आणि पुढे १८६१ साली मध्यप्रांताची निर्मिती झाल्यापासून १९५६ पर्यंत नागपूर हीच या प्रांताची राजधानी होती. त्यामुळे कारकुनी, शिक्षकी, वकिली आणि कारखान्यातील नोकरी अशा निमित्तांनी येथे स्थिरावलेल्या आमच्यासारख्या मराठी घरांना नर्मदा ही गोदावरीइतकीच आपली वाटत आली आहे.

सहा वर्षांपूर्वीच्या संक्रांतीला मी माझ्या आईला घेऊन या घाटावर आलो होतो. तिचे वय तेव्हा चौऱ्याहत्तर आणि माझे एक्कावन्न. उतरताना काही जाणवले नाही. स्नान झाले, तीळ वाहून झाले. परंतु परतीच्या वाटेवर पाचसहा पायऱ्या चढल्यावर तिचे गुडघे थरथरू लागले आणि ती मटकन खाली बसली. मी तिच्या काखेत हात घालून तिला उठवण्याचा प्रयत्न केला, आणि ज्या आईने मला वर्षानुवर्षे कडेवर वागवले, तिचे पंचेचाळीस किलो वजन चार पायऱ्यांपुरतेही उचलण्याचे सामर्थ्य माझ्या देहात उरलेले नाही, हे मला त्या गर्दीच्या मध्यभागी उभे असताना प्रथमच कळले. "अरे, तू नको दमूस, मी बसते इथंच जरा वेळ," असे ती म्हणत असताना बाजूच्या नावेतून दोन तरुण केवट धावत आले, दोघांनी हाताची चौकट केली, तिला तीवर बसवले आणि 'नर्मदे हर' म्हणत एका दमात वर नेऊन पोहोचवले. मी त्यांच्या मागून तिच्या वहाणा हातात घेऊन चढलो, आणि वर पोहोचेपर्यंत त्यांच्यापेक्षा मलाच अधिक धाप लागली होती.

बलोपासनेविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. परंतु बळाची गरज माणसाला ज्या ठिकाणी पडते, ते ठिकाण बहुधा आखाडा किंवा आरसा नसून अशी एखादी पायरी असते. हा लेख त्या पायरीपासून सुरू झालेल्या शोधाचा आहे.

*

माझा पहिला प्रयत्न उत्साहाचा होता आणि म्हणूनच तो अल्पायुषी ठरला. यात्रेच्या पुढच्याच सोमवारी मी शहरातील एका व्यायामगृहात नाव घातले, वर्षाची फी एकरकमी भरली, नवे बूट घेतले, आणि पहिल्याच दिवशी शेजारचा पंचविशीतला तरुण जे वजन उचलत होता त्याच्या जवळपास जाण्याच्या ईर्षेने बार जमिनीवरून ओढला. सहाव्या दिवशी कमरेत अशी कळ उठली, की पुढले तीन आठवडे वाकून चपला घालणेही दुष्कर झाले. ते व्यायामगृह मी पुन्हा पाहिले नाही. दोष त्या जागेचा नव्हता; मला थांबवणारे तेथे कोणी नव्हते हे खरे, पण थांबावे ही बुद्धीही मला झालेली नव्हती.

नंतर अनेकांशी बोलताना लक्षात आले, की ही कहाणी माझ्या एकट्याची नाही. जानेवारीत गर्दी होते आणि होळीपर्यंत ती ओसरते, हे कोणताही व्यायामगृहाचा चालक सांगेल. निश्चय मोडणाऱ्या माणसाला आपण आळशी म्हणून मोकळे होतो. परंतु मला आता असे वाटते, की त्यांच्यापैकी बहुतेकांचा घात आळसाने न होता आरंभीच्या अतिरेकाने होतो. पहिल्या आठवड्यात देहावर जो जुलूम होतो त्याची आठवण देह विसरत नाही, आणि दुसऱ्या महिन्यात तो मनाकरवी शंभर सबबी पुढे करून आपली सुटका करून घेतो.

आपल्या भाषेने या विषयातील शहाणपण शब्दांत जपून ठेवले आहे, याकडे माझे लक्ष कमरेच्या त्या दुखण्यात पडल्या पडल्या कोश चाळताना गेले. 'कसरत' हा शब्द अरबीतून आला. त्याचा मूळ अर्थ विपुलता, पुष्कळपणा असा आहे, म्हणजे जी गोष्ट पुष्कळ वेळा केली जाते ती कसरत. 'तालीम' म्हणजे शिक्षण. ज्या जागेत मल्ल घुमतात तिला महाराष्ट्राने पाठशाळेचे नाव दिले आणि तेथल्या गुरूला 'वस्ताद' म्हटले. संस्कृतातील 'व्यायाम' या शब्दात विस्तार आहे तसाच 'यम्' हा धातूही आहे, ज्यातून यम, नियम आणि संयम हे शब्द निघाले. पुष्कळ वेळा करणे, कोणाकडून तरी शिकणे आणि आवर घालणे, या तीन गोष्टी आपल्या पूर्वजांनी व्यायामाच्या नावांतच सांगून ठेवल्या आहेत. आणि मी त्या तिन्हींचा भंग सहा दिवसांत केला होता.

आयुर्वेदाने तर यासाठी मापच घालून दिले आहे. बलवान आणि स्निग्ध आहार घेणाऱ्या माणसानेसुद्धा, तेही हिवाळ्यात आणि वसंतात, आपल्या अर्ध्या शक्तीइतकाच व्यायाम करावा, असे वाग्भट सांगतो; आणि अर्धी शक्ती संपली हे ओळखावे कसे, तर श्वास तोंडावाटे चालू लागणे आणि कपाळावर व काखेत घाम येणे, अशा खुणा परंपरेने दिल्या आहेत. आधुनिक प्रशिक्षक नवशिक्याला जे सांगतात ते याहून फारसे वेगळे नाही: दहा वेळा उचलण्याची ताकद असेल तर सातआठ वेळा उचला, दोनतीन शिल्लक ठेवा.

*

हे 'शिल्लक ठेवणे' मी शिकलो तिलवाऱ्याच्या वाटेवरील एका लहानशा व्यायामगृहात. पत्र्याचे छप्पर, एक लांब बार, गंजू लागलेल्या काही प्लेटा, डंबेलांच्या पाचसहा जोड्या आणि कोपऱ्यात हनुमंताची तसबीर, एवढाच तेथला सरंजाम. शिकवणारा तरुण नदीपलीकडच्या गावचा. त्याचे आजोबा आखाड्यात दंड काढणारे आणि तो स्वतः शारीरिक शिक्षणाची पदविका घेतलेला. मी माझ्या कमरेची हकीकत सांगितली, तेव्हा त्याने आधी डॉक्टरांकडून रक्तदाब आणि हृदय तपासून येण्यास सांगितले, आणि आल्यावर मला एका लाकडी खुर्चीसमोर उभे केले. हातांचा आधार न घेता खुर्चीवर बसायचे आणि उठायचे, आठ वेळा. मग भिंतीला हात टेकून जोर, आठ वेळा. मग चार किलोचे डंबेल बाकावर वाकून कमरेकडे ओढणे, आठ वेळा. मग पाठीचा कणा सरळ ठेवून, वाकण्याची हालचाल कमरेऐवजी नितंबांच्या सांध्यातून करून, एक हलकी पिशवी जमिनीवरून उचलणे. शेवटी दोन्ही हातांत पाण्याने भरलेल्या बादल्या घेऊन अंगणाची एक फेरी. अर्ध्या तासात सारे आटोपले. मला फारसा घामही आला नव्हता, आणि मी आणखी करण्याची तयारी दाखवली, तेव्हा तो हसून म्हणाला, "कल भी तो आना है, काका."

या एका वाक्याइतका मोलाचा उपदेश मला व्यायामाविषयी दुसऱ्या कोणी केलेला नाही. वस्तुतः आम्हाला उद्या यायचे नव्हते, परवा यायचे होते. कारण ताकदीचा व्यायाम आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस पुरतो. स्नायूवर नेहमीपेक्षा अधिक भार पडला, की पुढील एकदोन दिवस तो आपली डागडुजी करून पूर्वीहून थोडा अधिक भक्कम होतो. म्हणून विश्रांतीचा दिवस हा व्यायामाचाच दिवस मानावा लागतो. प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व प्रमुख स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० सालच्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. परंतु 'कल' या शब्दात त्या तरुणाला दिवस अभिप्रेत नव्हता, सातत्य अभिप्रेत होते.

बसणे-उठणे, ढकलणे, ओढणे, जमिनीवरून उचलणे आणि वाहून नेणे, या पाच क्रियांत मानवी देहाचे जवळजवळ सारे कष्ट सामावतात. आपल्या तालमीतील बैठका आणि जोर ही पहिल्या दोहोंची नावे. मल्लखांबाच्या चढाईत ओढणे आहे, मुद्गलांची जोडी फिरवण्यात खांद्यांची मेहनत आहे. आणि उचलणे व वाहणे हे तर शेतात, विहिरीवर आणि गोदीत रोजच चाललेले असे. नवशिक्याने यंत्रांच्या गर्दीत गोंधळून न जाता या पाच क्रिया नीट शिकाव्यात. घरी सुरुवात करायची असेल, तर एक लिटर पाण्याची बाटली म्हणजे एक किलो, हे माप सर्वांनाच उपलब्ध आहे. जोर लावताना श्वास सोडावा आणि परतताना घ्यावा. श्वास कोंडून धरल्याने रक्तदाब वाढतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्नायू ठणकले तर घाबरू नये, परंतु सांध्यात अणकुचीदार कळ आली तर त्याच क्षणी थांबावे.

भार क्रमाक्रमाने वाढवण्याच्या पद्धतीस शास्त्रीय रूप मिळाले ते एका लष्करी रुग्णालयात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शिकागो येथील गार्डिनर रुग्णालयात गुडघ्यांना आणि मांड्यांना जबर दुखापत झालेले सैनिक महिनोन्‌महिने खिळून पडलेले असत. तेथील तरुण डॉक्टर टॉमस डिलॉर्म याने, प्रचलित मताविरुद्ध, त्यांना जड वजने उचलायला लावली. स्वतः तो किशोरवयात संधिज्वराने अंथरुणास खिळून, वजनांच्याच आधाराने पुन्हा उभा राहिलेला होता. १९४५ साली त्याने आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. आरंभी तो सातापासून दहापर्यंत फेऱ्या करवून घेत असे, पण अनुभवाने १९४८ पर्यंत त्या तीनवर आल्या. आज गल्लोगल्लीच्या व्यायामगृहांत जे 'दहाचे तीन सेट' ऐकू येतात, त्यांचा उगम जखमी माणसांना पुन्हा चालते करण्याच्या त्या खटपटीत आहे, हे कळल्यावर मला त्या आकड्यांविषयी निराळाच आदर वाटू लागला.

त्या तरुणाने मला एक वही ठेवण्यास सांगितले. माझे आजोबा जुन्या मध्यप्रांताच्या कचेरीत कारकून होते आणि घरच्या जमाखर्चाची त्यांची रोजकीर्द अजून आमच्या पेटाऱ्यात आहे. मी माझ्या वहीलाही तेच नाव दिले. तारीख, क्रिया, वजन, संख्या आणि शेवटच्या रकान्यात शिल्लक, म्हणजे थांबलो तेव्हा आणखी किती वेळा उचलता आले असते त्याचा अंदाज. नियम असा, की तिन्ही फेऱ्यांत संख्या बारावर पोहोचली आणि तरी दोनची शिल्लक राहिली, असे लागोपाठ दोन वेळा घडले, की बारच्या दोन्ही टोकांना सव्वा सव्वा किलोची प्लेट चढवावी आणि संख्या पुन्हा आठवर आणावी. शिल्लक शून्यावर येऊ लागली, तर वजन वाढवण्याचा मोह बाजूला ठेवून झोप, जेवण आणि चिंता यांची झडती घ्यावी. पहिल्या दोन महिन्यांत माझ्या दंडाचा घेर टेपला कळेल इतकाही वाढला नाही, परंतु रोजकीर्दीतील आकडे मात्र जवळजवळ दुप्पट झाले. याचे कारण असे, की आरंभीची वाढ स्नायूची नसून मज्जासंस्थेची असते. असलेल्याच स्नायुतंतूंना एकाच वेळी, एकदिलाने कामास लावण्याची कला मेंदू शिकत असतो, आणि मांस वाढू लागते ते त्यानंतर. आरशात काही दिसत नाही म्हणून सहाव्या आठवड्यात सोडून देणारा माणूस नेमका त्या वेळी सोडतो, जेव्हा आतले काम सर्वांत वेगाने चाललेले असते. आरशाला हे दिसत नाही, वहीला दिसते.

*

आपल्या लोकांना या व्यायामाची गरज इतरांहून अधिक का आहे, याचे उत्तर एका भारतीय संशोधकाने दिलेले आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीय देहाच्या घडणीचा दीर्घ अभ्यास करून दाखवून दिले, की आपली अर्भके जन्मतःच वजनाने हलकी, स्नायूंनी कृश आणि तरीही मेदाने तुलनेने संपन्न असतात. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी आपले स्वतःचेच छायाचित्र छापले: दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३, परंतु युडकिन यांच्या देहात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या देहात २१.२ टक्के. वरून सडपातळ दिसणारा भारतीय माणूस आत स्नायूंनी दरिद्री असू शकतो, हे इतक्या थोडक्यात आणि इतक्या प्रामाणिकपणे क्वचितच कोणी सांगितले असेल. जेवणानंतर रक्तात उतरणारी साखर सामावून घेणारे सर्वांत मोठे कोठार म्हणजे स्नायू. ते कोठारच लहान असेल, तर मधुमेह आपल्या घरांत पाहुणा म्हणून येऊन वतनदार का होतो, हे वेगळे सांगायला नको. त्यात तिशीनंतर, व्यायाम नसेल तर, दर दशकास अदमासे तीन ते आठ टक्के स्नायू झिजत जातात. माझ्या घाटावरील फजितीचे कारण त्या एका दिवसाचे नव्हते. ती वीस वर्षांची थकबाकी होती.

या थकबाकीच्या फेडीत खुराकाचाही वाटा आहे. सामान्य प्रौढास दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने रोज लागतात, असा भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचा दंडक आहे. वजने उचलणाऱ्यास त्याहून अधिक, दर किलोमागे दीड ग्रॅमच्या आसपासपर्यंत, उपयोगी पडतात. आमच्या पानात पोळी, भात आणि बटाटा यांचेच राज्य होते. मी डब्याची पावडर घेतली नाही. सकाळी दही आणि फुटाणे, दुपारी वरण वाटीभर अधिक, संध्याकाळी दोन अंडी, एवढ्यावर भागवले. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्याने मात्र हा बदल वैद्यकीय सल्ल्यावाचून करू नये.

*

आता मुख्य प्रश्न: टिकायचे कसे? उत्साह हा भाद्रपदातल्या पुरासारखा असतो. तो येतो तेव्हा सारे बुडवून टाकतो आणि ओसरला की मागे चिखल ठेवतो. त्याच्यावर भिस्त ठेवू नये. मराठीत यासाठी 'नेम' हा अत्यंत अर्थगर्भ शब्द आहे. नित्यनेम या अर्थाने तो व्रत सांगतो आणि नेम धरणे या अर्थाने तो लक्ष्य सांगतो. रोजचे आचरण आणि दूरचे साध्य यांना आपल्या भाषेने एकाच शब्दात बांधले आहे. देवापुढे सांजवात लावणारी गृहिणी आज आपल्याला लावावीशी वाटते का, असे स्वतःला विचारीत नाही. दिवेलागण झाली की हात आपोआप निरांजनाकडे जातो. व्यायामाला असे ठरलेले स्थळ आणि ठरलेली वेळ मिळाली, की इच्छेला कौल लावण्याची गरजच उरत नाही.

लंडन येथे फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहाण्णव स्वयंसेवकांवर केलेल्या अभ्यासात एखादी कृती अंगवळणी पडण्यास मध्यमानाने सहासष्ट दिवस लागल्याचे आढळले. कोणाला अठरा दिवस पुरले, तर कोणाला अडीचशेहून अधिक लागतील असे दिसले. या अभ्यासातील मला सर्वांत धीर देणारी गोष्ट अशी, की मध्ये एखादा दिवस चुकल्याने घडत आलेल्या सवयीला फारशी बाधा पोहोचत नाही. नेम मोडतो तो पहिल्या खाड्याने नव्हे. 'आता मोडलाच आहे' या विचाराने जो दुसरा, तिसरा खाडा होतो, त्याने. म्हणून माझ्या रोजकीर्दीत मी चुकलेला दिवसही लिहितो, कोरा सोडत नाही.

महाराष्ट्रात या नेमाची थोर उदाहरणे आहेत. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आरंभी पाश्चात्त्य व्यायामपटू युजिन सँडोची साधने आणि पुस्तके मागवून सुमारे दहा वर्षे त्या पद्धतीने व्यायाम केला, आणि पुढे मिरजेच्या संस्थानिकांच्या सल्ल्यावरून सूर्यनमस्कार धरले ते जन्मभर सोडले नाहीत. आपल्या संस्थानातील शाळांतून त्यांनी नमस्कारांचा पाठच घालून दिला. अमरावतीस वैद्य बंधूंनी १९१४ साली उभारलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामांची प्रात्यक्षिके दाखवली. ते मंडळ आणि आमचे जबलपूर तेव्हा एकाच प्रांतात होते.

परंतु मला जवळचे उदाहरण वाटते ते येथल्याच नर्मदाकाठचे. जबलपूरचे चित्रकार आणि लेखक अमृतलाल वेगड यांनी १९७७ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना, नर्मदेच्या काठाकाठाने चालण्यास प्रारंभ केला. परंपरेची परिक्रमा एकसलग असते. वेगड नोकरी आणि संसार सांभाळून, सवड मिळेल तेव्हा, एकेक टप्पा चालले. सुट्टी संपली की घरी परतायचे आणि पुढल्या खेपेस जेथे थांबलो तेथून पुढे निघायचे, अशा रीतीने वर्षानुवर्षे चालत त्यांनी नदीची हजारो किलोमीटरची वाट पायांखाली घातली, आणि पंचाहत्तरीच्या सुमारास पत्नीसह पुन्हा चालू लागले. त्या पदयात्रांतून निघालेली पुस्तके आणि चित्रे आज नर्मदेच्या साहित्यात अढळ आहेत. एकदम सारे करता येत नाही म्हणून काहीच न करणाऱ्या माणसाने त्यांच्याकडे पाहावे. तेही रोजकीर्दच लिहीत होते. तिच्यातील एकक किलोऐवजी कोस होते.

नेमाला सोबतीचा मोठा आधार मिळतो. माझ्याबरोबर तोफगाडी कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ येऊ लागले. आम्ही त्यांना भाऊ म्हणतो. आयुष्यभर लोखंडाशी व्यवहार केलेला हा माणूस पहिल्या दिवशी रिकाम्या बारला हात लावण्यापूर्वी त्याला नमस्कार करता झाला. पावसाळ्यातील एका पहाटे, मुसळधार पाऊस कोसळत असताना, आज काही ते यायचे नाहीत अशा समजुतीने मी अंथरुणातच होतो. इतक्यात फाटकाशी सायकलची घंटा वाजली. त्या दिवशी मी माझ्या निश्चयाने गेलो नाही, भाऊंच्या घंटेने गेलो. पुढे त्यांची तब्येत बिघडली, तेव्हा तीन महिने ती घंटा वाजवण्याचे काम माझ्याकडे आले.

*

आईने हे सारे दोन महिने मुकाट्याने पाहिले आणि एके दिवशी विचारले, "तुमच्या त्या मास्तरांकडे माझ्यासारखीसाठी काही आहे का रे?" बळाचा विषय निघाला, की आपण स्त्रियांना आणि वृद्धांना पंगतीबाहेर बसवतो, हा आपला जुना अन्याय आहे. जाते, उखळ, विहिरीचा पोहरा आणि कडेवरची कळशी यांनी आमच्या आज्यांना जे बळ दिले, त्याला कोणी व्यायाम म्हटले नाही. आणि ती साधने घरातून गेली तेव्हा त्यांच्या जागी काय आणावे, याचाही विचार कोणी केला नाही. लहानपणी जळणाचे भारे वाहणाऱ्या मणिपूरच्या मीराबाई चानूने टोकियो ऑलिंपिकमध्ये, एकोणपन्नास किलोंच्या गटात, एकशे पंधरा किलो डोक्यावर तोलून रौप्यपदक मिळवले, ही गोष्ट मी आईला सांगितली, तेव्हा ती म्हणाली, "भारा उचलला तर जड नसतो, उचलून ठेवायला जागा नसली, की जड होतो."

वयाचा प्रश्नही फार पूर्वी निकालात निघालेला आहे. १९९० साली बोस्टन येथील एका शुश्रूषागृहात डॉ. मारिया फियाटरोन यांनी सरासरी नव्वदीतल्या दहा दुर्बळ वृद्धांकडून आठ आठवडे पायांचा भारव्यायाम करवून घेतला. ज्या नऊ जणांनी तो पुरा केला, त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली आणि दोघांनी हातातली काठी सोडली. आईला मास्तरांनी तीच लाकडी खुर्ची दिली, फक्त तिच्यावर एक जाड उशी ठेवून, म्हणजे बसण्याची खोली कमी व्हावी. पहिल्या दिवशी ती हातांच्या आधाराने तीनदा उठली. पुढे हात सुटले, मग उशी गेली, मग हातांत अर्ध्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या आल्या. ती वही ठेवीत नाही. स्वयंपाकघरातील कालनिर्णयाच्या चौकोनात, दुधाच्या खाड्यांशेजारी, ती आपली संख्या लिहिते. माझ्या सहा वर्षांच्या रोजकीर्दीत खाडे पुष्कळ आहेत. तिच्या कालनिर्णयात दुधाचे खाडे अधिक आणि तिचे स्वतःचे कमी आहेत.

यंदाच्या संक्रांतीला आम्ही पुन्हा तिलवाऱ्यास गेलो. तिचे वय आता ऐंशी. यात्रेची गर्दी, तिळाच्या लाडवांच्या राशी, पाण्यावरचे धुके, सारे पूर्वीचेच. माझ्या हातात तिची पिशवी होती आणि दुसरा हात तिच्या कोपराशी, न धरता, नुसता जवळ ठेवलेला. ती एकेक पायरी मोजीत उतरू लागली. अर्ध्या घाटावर आल्यावर ती थांबली, मागे वळून चढायच्या पायऱ्या तिने एकदा डोळ्यांनी मोजल्या, आणि तेथेच पदर सावरून उभी राहिली. पाणी अजून बरेच खाली होते. मी म्हणालो, "आई, मी आहे ना. आता मी तुला उचलून नेऊ शकतो." आणि ते खरे होते, त्या आठवड्यात रोजकीर्दीत सत्तर किलोंच्या पुढे तीनची शिल्लक होती.

तिने लोटा माझ्या हातात दिला आणि खालून पाणी आणायला सांगितले. मी आणले; तिने ते डोळ्यांना लावले, मस्तकावर शिंपडले, तीळ ओंजळीने नदीच्या दिशेने वाहिले, आणि कोणाचाही हात न धरता चढू लागली. वरच्या पायरीवर पोहोचल्यावर मी विचारले, की एवढे जमत होते, तर आणखी थोडे खाली का नाही आलीस. श्वास तोंडावाटे न घेता, अगदी शांतपणे ती म्हणाली, "पुढच्या वर्षीही यायचंय ना, बाबा."